उमेदवार उभाच

आझिकोपे, ४ फेब्रुवारी २०१९

प्रिय दावी,

पत्र पाहून दचकू नकोस. आपले मुखिया, तोग्बुई, गेले ते तुला ठाऊकच आहे, त्यानंतर नवीन कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण आमच्या घरातला फोन म्हणजे चावडी. मी बोलायला लागलो की बायको म्हणते, "आवाज मोठा करा, आम्हालाही दावीची खुशाली कळू दे." मला जे विचारायचंय ते मोठ्या आवाजात विचारण्यासारखं नाही. तू मावशीची मुलगी असलीस तरी मला सख्ख्या थोरल्या बहिणीसारखी, दावी म्हणजे ताईच, त्यात जन्मभर ऑपरेशनच्या खोलीत नर्स म्हणून उभी राहिलेली. म्हणून तुलाच विचारतो.

आधी गावची बातमी. मुखियाचं आसन रिकामं आहे आणि दोन घराण्यांतून दोन नावं निघाली आहेत. एक माझं. इतकी वर्षं तोग्बुईंच्या शेजारी सोन्याच्या मुठीचा दंड धरून मी त्यांचं बोलणं लोकांना सांगितलं, लोकांचं त्यांना सांगितलं. तेव्हा नाव निघणं साहजिक. दुसरं प्रॉस्पर आत्सुचं. तेमाला गोठवलेले मासे विकून तो परत आलाय. अंत्यविधीला स्वतःची गादीची खुर्ची गाडीत घालून आणतो आणि उन्हाचा चष्मा लावून रडतो. असल्या माणसाच्या हातात गाव द्यायचं तर सरळ मिठागराच्या बगळ्यांना द्यावं.

रीत तुला माहीत आहे. अंगात खोट असलेला माणूस आसनावर चालत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या एका मित्राला बसायच्या जागी त्रास आहे. गेल्या वर्षी गळू झालं, फुटलं, बरं वाटलं. पुन्हा भरलं, पुन्हा फुटलं. आता सतत थोडं थोडं पाझरतं. मूळव्याधच असणार. रेडिओवरच्या औषधाची बाटली झाली, आलं-मिरचीचा एनिमा झाला. त्या एनिमाबद्दल मित्र काही बोलू इच्छित नाही. तुला एखादं चांगलं मलम ठाऊक आहे का?

तुझा,
गामेली

---

होहोए, १५ फेब्रुवारी २०१९

प्रिय गामेली,

तुझ्या मित्राला माझा नमस्कार सांग. आणि हेही सांग की गेल्या ईस्टरला आफी मावशीच्या अंत्यविधीत तो सबंध दिवस उभा होता. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "दुःखात बसवत नाही गं." मावशी जिवंत असताना तो तिच्याशी बोलतसुद्धा नव्हता. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की हे दुःख जरा खालच्या बाजूचं दिसतंय.

आसनावर बसायला निघालेला माणूस आणि त्याला बसताच येत नाही! दंड धरून उभं राहायचं काम होतं म्हणून तुझं झाकलं गेलं.

नीट ऐक. हे मूळव्याध नाही. तुमच्याकडे कंबरेखाली काहीही झालं की मूळव्याध, आणि बसमध्ये विकायला येणाऱ्या एकाच बाटलीने ती जाते, हिवताप जातो आणि लग्नही जमतं. तू लिहिलंस ते भगंदर आहे. आत एक तोंड, बाहेर कातडीवर दुसरं तोंड, आणि मधे बोगदा. आतली घाण त्या बोगद्यातून बाहेर येत राहते. वरचं तोंड मिटलं की तुला वाटतं बरं झालं, आणि आत पू साठतो. मलमाने बोगदा बुजत नाही. मिरचीने तर नाहीच. तो एनिमा ज्याने सुचवला त्यालाच दे.

आक्राला ये. तपासणी होईल. लाज वाटत असेल तर तीही बरोबर घेऊन ये, तिथे अशा लाजांची रोज रांग लागते.

एन्योनाम

---

आझिकोपे, ३ मार्च २०१९

दावी,

बरं, मित्र नाही. मीच. आता समाधान झालं असेल तर पुढे वाच.

आक्राला मी येणार नाही, आणि त्याचं कारण लाज नाही. कारणाचं नाव एफो दोत्से, आपला दोत्सेदादा. तुला आठवेल, लगूनच्या काठी कांद्याचे वाफे होते त्याचे, गावात सगळ्यांत मोठा हसणारा. त्यालाही हेच होतं. तुमच्या हुशार लोकांनी त्याला उताणा केला, बोगदा उभा चिरला आणि बोगद्याबरोबर स्नायूही चिरला. बोगदा गेला. दारही गेलं. आता तो चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतो, तोही प्लास्टिक घालून, आणि खोकला आला की उठून निघून जातो. हसणं तर त्याने सोडूनच दिलंय. हसलं की होतं ना.

अशा माणसाला आसनावर बसवायचं? मला पाझर परवडला, पण पूर चालणार नाही.

द्झोद्झेला एक वैद्य आहे. सरहद्दीपलीकडून, टोगोतून माणसं येतात त्याच्याकडे. तो कापत नाही. मुळीची वात करून भोकात सारतो आणि आतलं "खाऊन टाकतो" म्हणे. मी उद्या निघतो. तुझ्या डॉक्टरांना सांग, चाकूला धार लावून ठेवा, दुसरं गिऱ्हाईक येईल.

गामेली

---

होहोए, १० एप्रिल २०१९

गामेली,

तुझ्या मावुएनाचा फोन आला होता. पोरगी रडत होती. म्हणाली, बाबांना हिवताप झालाय, दोन आठवडे पालथे पडून आहेत. मी म्हटलं, "बाळ, हिवतापाला पालथं पडत नाहीत."

मग तिने सगळं सांगितलं. वात, जळजळ, सूज, वास. वैद्याने खाऊन टाकलं ते चांगलं मांस, बोगदा तसाच आहे. शाबास. मुखिया व्हायला निघालेल्या माणसाने स्वतःच्या पार्श्वभागाचा कारभार एका मुळीवर सोपवला.

तू एफो दोत्सेचं लिहिलंस त्यावर मी हसणार नाही. ते खरं आहे. अशी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यातल्या काहींच्या ऑपरेशनला मीच हत्यारं हातात दिली आहेत. बोगदा वरवर असला तर चिरून चालतं. स्नायूतून खोल गेलेला असेल तर चिरणाऱ्याचा हात फार सांभाळून चालावा लागतो, आणि सगळ्यांचे तसे चालत नाहीत. पण आता दुसरी रीत आहे. बाहेरच्या भोकातून पेन्सिलीएवढी बारीक दुर्बीण आत घालतात. बोगदा पडद्यावर दिसतो. आतलं तोंड नेमकं शोधतात, बोगद्याची भिंत आतूनच भाजून खरवडून साफ करतात, आणि आतलं तोंड टाके घालून बंद करतात. स्नायू कापतच नाहीत. कोणी तुला सांगेल की हमखास बरं होतं, तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. काहींचं परत फुटतं. पण परत फुटलं तरी दार शाबूत असतं.

आधी तो पू काढावा लागेल आणि बोगद्यात एक सैल दोरा ठेवून महिना-दोन महिने निचरा होऊ द्यावा लागेल. आक्रामधल्या एका डॉक्टरशी मी बोलले आहे. माझ्या हाताखालून गेलेली आहे. नावगाव विचारत बसू नकोस. मावुएना तुला शुक्रवारी गाडीत घालेल. मागच्या सीटवर पालथा घालायला मी सांगितलंय.

एन्योनाम

---

आक्रा, २७ जून २०१९

प्रिय दावी,

मी जिवंत आहे. परवा ऑपरेशन झालं.

एप्रिलपासून इथे मुलाच्या घरी पडून आहे. पू काढला, दोरा घातला. दोरा घातलेला माणूस म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पतंगासारखं वाटतं, फक्त उडता येत नाही.

तुझी डॉक्टर आकोर्फा. पहिल्या दिवशी पाहिली तेव्हा मला वाटलं कोणाची तरी नात डबा घेऊन आलीये. मी म्हटलं, "डॉक्टर कधी येणार?" ती म्हणाली, "आले. आता कुशीवर वळा, एफो." आपल्या भाषेत बोलली, अगदी आपल्याकडच्या हेलात. मी वळलो. काय करणार?

परवा पाठीत सुई दिली आणि कंबरेखालचा माणूस कोणीतरी घेऊन गेला. पाय वर टांगले. इतकी वर्षं भरदरबारी ज्याने दंड धरला तो मी, बकरा टांगतात तसा. मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "एफो, बघायचंय?"

"काय बघायचंय?"

"तुमच्याच आत. पडदा तुमच्या डाव्या हाताला आहे."

"मला त्यात रस नाही," मी म्हटलं, आणि बघितलं.

दावी, तू मला कधी सांगितलं नाहीस. पाणी वाहतंय आणि त्यात पांढरट तंतू हलताहेत, लगूनच्या तळाला शेवाळ हलतं तसे. लाल भिंत. एक वळण. पुढे आडवाट, ती बंद. "ही बघा," ती म्हणाली, "इथे गळू लपून बसायचं." मग आणखी पुढे गेली आणि एका जागी उजेड पलीकडे गेला. आतलं तोंड! खोलीतला कोणीतरी "हं" म्हणाला. मीही म्हणालो. माझंच होतं, तरी मला आनंद झाला, नवी जागा सापडल्यासारखा. मग तिने भिंती भाजल्या, ब्रशने घासल्या आणि ते तोंड शिवलं. मला टाचणीएवढंही दुखलं नाही. मी म्हटलं, "पोरी, हात चांगला आहे तुझा." ती म्हणाली, "हलू नका."

इथपर्यंत मी तुझे आभार मानायला बसलो होतो.

आज सकाळी ती पट्टी बदलायला आली. सहज विचारलं, "तू कुठली गं?" म्हणाली, "आईकडून आझिकोपेची. माझे मामा तिथेच आहेत, प्रॉस्पर आत्सु. यंदा बहुतेक तेच मुखिया होणार."

तिला ठाऊकच नव्हतं मी कोण ते! मी तोंड उशीत घातलं.

तुला ठाऊक होतं. तू मला पाय वर करून प्रॉस्पर आत्सुच्या भाचीपुढे ठेवलंस. आता त्याला माझ्या आतल्या आडवाटासुद्धा कळणार. बहीण म्हणवतेस?

गामेली

---

होहोए, ८ जुलै २०१९

गामेली,

हो, ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तू आला असतास? नसतास. आणखी एक मुळी घालून घेतली असतीस आणि आज मी काळं कापड शिवायला टाकलं असतं.

मी तुला प्रॉस्परच्या भाचीकडे पाठवलं नाही. माझ्या पाहण्यातल्या सगळ्यांत हलक्या हाताकडे पाठवलं. तिचा मामा कोण हे तिच्या बोटांना ठाऊक नसतं. ती शिकाऊ होती तेव्हा एका मंत्र्याचं असलंच काही काढलं होतं. वर्तमानपत्रवाले तिच्या आईच्या दारात बसले. तिने आईलाही सांगितलं नाही, अजून सांगितलेलं नाही. मला ठाऊक आहे कारण मी तिथे होते. आणि तुला सांगतेय ते एवढंच, नाव नाही.

तू मात्र उशीत तोंड घातलंस. त्या पोरीने तुझं दार वाचवलं, आणि तुला पडलंय तिच्या आजोळचं.

बरं, आता कामाचं. जोर करू नकोस. पपई खा, आक्पलेचे पिठाचे गोळे कमी खा. कोमट पाण्यात बस. आणि बाहेरची जखम भरली म्हणून आतलं भरलं असं धरून चालू नकोस. काही महिने गेल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

एन्योनाम

---

आझिकोपे, २५ ऑगस्ट २०१९

प्रिय दावी,

काल सभा झाली. माझा घसा बसलाय म्हणून नव्हे, तर हे कोणाच्या कानावर पडू नये म्हणून लिहितोय. आणि तेही आता हास्यास्पदच आहे, कारण सगळ्या गावाच्या कानावर पडलंय. मीच घातलं.

चिंचेखाली वडीलधारे, मुखिया ठरवणारी राणीआई, दोन्ही घराणी. मला खुर्ची दिली आणि मी बसलो. नीट, दोन्ही बाजूंनी बसलो. प्रॉस्परला ते आवडलं नाही. चष्मा काढून उभा राहिला आणि म्हणाला, "वडीलधाऱ्यांनो, मी कोणाची निंदा करत नाही." म्हणजे सुरुवात झाली. "पण गामेली भाऊ तीन महिने आक्राला कशाला होते? कोणत्या वॉर्डात होते? आसनाला खोट चालत नाही. माझी भाची तिथेच डॉक्टर आहे. विचारू या ना."

आणि त्याने तिथल्या तिथे फोन लावला. मोठ्या आवाजावर. सगळी सभा मान पुढे काढून.

"आकोर्फा, बाळ, आझिकोपेचे गामेली अहियाबोर तुझ्याकडे होते ना?"

"मामा, मी कामात आहे."

"फक्त हो किंवा नाही."

"माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही हे मी कोणालाच सांगत नाही. तुम्ही आला असतात तर तेही सांगितलं नसतं." आणि फोन ठेवला.

दावी, मला उशीची लाज वाटली, एवढंच लिहितो.

पण त्या गाढवाला बरोबर कळलं काय करायचं ते. फोन खिशात टाकत म्हणाला, "नाही म्हणाली नाही. ऐकलंत ना सगळ्यांनी?" लोक कुजबुजायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "एड्स असेल." दुसरा म्हणाला, "त्याला मूल होत नसेल आता." या वयात!

मी उठलो. दंड हातात नव्हता, पण आवाज तोच काढला. म्हटलं, "मला भगंदर होतं. बसायच्या जागी भोक. पू यायचा. वैद्याकडे गेलो, त्याने जाळलं. मग आक्राला गेलो, दुर्बिणीने दुरुस्त केलं. स्नायू कापला नाही. आता बंद आहे. अजून कोणाला काही विचारायचंय, की प्रत्यक्ष बघायचंय?"

राणीआईने काठीवर हनुवटी टेकली आणि विचारलं, "बंद म्हणजे पक्कं बंद?"

"हो, राणीआई."

"वारा धरवतो?"

"इथे बसलेल्या कोणत्याही पुरुषापेक्षा जास्त. शंका असेल तर प्रॉस्परला माझ्या मागे उभं करा."

म्हातारी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग सगळेच हसले. मागे दाराशी बसायची सवय झालेला एफो दोत्से, तोही आला होता. तो हसला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला आणि थोड्या वेळाने उठून गेला. तेवढं एक मला बरं वाटलं नाही.

निकाल पुढच्या महिन्यात. पण लोक वाटेत थांबून हात मिळवताहेत. प्रॉस्पर आपली खुर्ची गाडीत घालून निघून गेला.

तुझा,
गामेली

---

होहोए, ४ सप्टेंबर २०१९

प्रिय गामेली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा चहा सांडला. जन्मात पहिल्यांदा तू दुसऱ्याचं नव्हे, स्वतःचं बोललास, आणि तेही कशाबद्दल!

पण "पक्कं बंद" असं म्हणायला तुला कोणी सांगितलं होतं? मी लिहिलं होतं ना, काही महिने जाऊ देत म्हणून? तुम्हा दरबारी लोकांना वाक्य गोल करायची फार हौस. एफो दोत्सेकडे जा. काही बोलू नकोस, नुसता जाऊन बस.

एन्योनाम

---

आझिकोपे, १९ ऑक्टोबर २०१९

प्रिय दावी,

हे पत्र तुला आक्राहून टाकतोय, लिहायला मात्र घरीच सुरुवात केली होती.

सप्टेंबरअखेर त्यांनी मला निवडलं. कापड आलं, ढोल ठरले. दिवस पंधरवड्यावर आला आणि एका सकाळी पुन्हा डाग. अगदी लहान. आधी मी म्हटलं, पामतेल सांडलं असेल. तिथे कुठून सांडणार? बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "गप्प बसा. आत दुहेरी कापड घाला. एक दिवस निभावला की मग तुम्ही तोग्बुई, मग कोण तपासतंय?" तिचंही चुकलं असं मी म्हणत नाही. आता तिलाच प्रॉस्परच्या बायकोला आयुष्यभर 'राणीसाहेब' म्हणावं लागणार.

मी दोन दिवस दुहेरी कापड घालून फिरलो. पण दावी, तोग्बुईंच्या शेजारी उभा राहून मी जे बोललो ते या गावाने कधी दुसऱ्याकडून पडताळून घेतलं नाही. चिंचेखाली मी "बंद आहे" म्हटलं होतं, आणि ते आता बंद नव्हतं. मी राणीआईकडे गेलो.

ती म्हणाली, "तू आला नसतास तर मला कळलं नसतं."

मी म्हटलं, "प्रॉस्परला कळलं असतं. तो आमच्या कपडे धुणारीशी फार गोड बोलायला लागलाय."

या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "खोट ती खोट. मला ही रीत आवडते म्हणून नाही, पण आज तुझ्यासाठी वाकवली तर उद्या दुसऱ्या कोणासाठी वाकवावी लागेल." आणि माझा हात हातात घेतला. बस, एवढंच. पुढच्या शनिवारी प्रॉस्पर बसणार. उन्हाचा चष्मा लावून बसणार, लिहून ठेव. पहिल्याच भाषणात माशांचे भाव सांगेल. गावाला हवा होता तसा मुखिया मिळाला. मी रडलो का ते विचारू नकोस.

आकोर्फाला फोन केला. तिने खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "काहींचं होतं असं, एफो. पण स्नायू पूर्ण आहे, उरलेला बोगदा आखूड असणार. पुन्हा आत जाऊन बघू." मग म्हणाली, "मामाचं कळलं मला." मी म्हटलं, "तो तुझ्याकडे आलेला पेशंट नाही, मग तू त्याच्याबद्दल बोलू शकतेस." ती हसली आणि तिने यायची तारीख सांगितली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मागच्या दाराने एक बाई आली. झातुग्बुई, माशांना धुरी देणारी, किनाऱ्याकडच्या रांगेत राहते. मला वाटलं मासे विकायला आली. बायकोशी कुजबुजली आणि मग दोघी रडायला लागल्या. तिचा धाकटा रांगत होता तेव्हापासून तिला हेच आहे. आता तो शाळेत जातो. चर्च सोडलं, बाजारातली बाकडी सोडली, नवऱ्याची खोली सोडली. धुराच्या भट्टीपाशी उभं राहून काम करते कारण तिथे वास कळत नाही. गावातल्या बायकांना वाटायचं, ही गर्विष्ठ आहे, कोणात बसत नाही. मीसुद्धा तसंच म्हणायचो, मोठ्याने.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एफो, मला वाटायचं हे फक्त मलाच झालंय. कोणीतरी करणी केलीय असं वाटायचं. तुम्ही चिंचेखाली बोललात तेव्हा मी भिंतीमागे उभी होते. तुम्ही त्याचं नाव घेतलंत. त्याला नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं."

दावी, मला तिला काहीतरी तिरकस बोलायचं होतं, सवयीने. त्याऐवजी म्हटलं, "पहाटे गाडीतळावर ये. मीही तिकडेच चाललोय."

ती आली. एफो दोत्सेही आला होता, पोचवायला फक्त, मी विचारलं तर म्हणाला, "माझ्यासाठी उशीर झालाय रे, पण त्या डॉक्टरला विचारून ये." मी विचारणार आहे.

आम्ही दोघं गाडीत बसलो. मधल्या रांगेत, शेजारी शेजारी. तिची दुखरी बाजू उजवी, माझी डावी. ती पलीकडे कलली, मी अलीकडे कललो. गाडी खड्ड्यात आपटली की दोघं एकदम "आई" म्हणायचो आणि पुन्हा आपापल्या बाजूला कलायचो. आकात्सीच्या पुढे भाडं गोळा करणारा पोऱ्या मागे वळून म्हणाला, "काय हो आजोबा, भांडलात का बायकोशी? इतकं तोंड फिरवून बसलाय!"

झातुग्बुईने तोंडावर कापड धरलं. मला वाटलं रडतेय. तिचे खांदे हलत होते. मग तो आवाज फुटला, आणि दावी, ती बाई हसत होती. कित्येक वर्षांचं साठलेलं हसत होती, आणि हसताना दुखत होतं म्हणून आणखी हसत होती. मग मीही. सगळी गाडी आमच्याकडे बघत होती आणि आम्हाला थांबता येईना.

गामेली